सरकार पक्षातर्फे

मी सरकारी वकील होतो. गर्दचा खटला आला की आरोपीला जास्तीत जास्त शिक्षा मागायची, याबद्दल माझ्या मनात कधी दुमत नव्हतं. पोरापायी भांडीकुंडी विकलेल्या आया कोर्टाच्या व्हरांड्यात रोज दिसायच्या. जरब बसली पाहिजे, एवढं साधं गणित.

१९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदाही त्याच विचाराचा. सुरुवातीला त्यात हेरॉइनची, म्हणजे गर्दची ‘अल्प मात्रा’ होती २५० मिलिग्रॅम. त्यावर सापडलं की किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. म्हणजे अर्ध्या ग्रॅमची पुडी बाळगणारा गर्दुल्ला आणि किलोकिलोने माल उतरवणारा, दोघांना सारखाच न्याय. २००१ साली दुरुस्ती झाली, प्रमाणाप्रमाणे शिक्षा आल्या, अल्प मात्रा ५ ग्रॅमवर गेली. मला ती ढिलाई वाटली होती.

मत फिरलं ते हळूहळू, रिमांडला येणाऱ्या पोरांमुळे. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, भर मे महिन्यात अंगावर काटा, पोट धरून बाकावर दुमडलेली. मी याला नाटक समजायचो. कोर्टातले एक जुने हवालदार म्हणाले, “साहेब, टर्की लागलीय त्याला. कोठडीत रात्रभर ओरडतात.” टर्की म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास. मग मी निवाडे बाजूला ठेवून व्यसन या आजाराबद्दल वाचायला लागलो. पुण्याला मुक्तांगण पाहून आलो. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली, पुलं-सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. तिथे टर्कीवर औषध देतात, पुढे आठवडेच्या आठवडे पेशंटशी बोलत राहतात आणि घसरून परत आला तर पुन्हा घेतात. आमच्याकडे तोच पोरगा दुसऱ्यांदा आला की मी शिक्षा वाढवून मागायचो.

गंमत म्हणजे उपचाराची वाट याच कायद्यात आहे. कलम ६४ अ म्हणतं की अल्प मात्रेत सापडलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. पण आरोपीच्या वकिलाला ते सुचत नाही, पोलिसांना सांगायची गरज वाटत नाही, आणि आम्ही सरकार पक्षाचे लोक ते आपलं काम नाही असं धरून चालतो.

मी भाबडा झालेलो नाही. पोर्तुगालने २००१ साली १० दिवसांच्या वापरापुरता साठा गुन्ह्यातून वगळला, पण त्या माणसाला आयोगापुढे हजर राहावं लागतं आणि तिथे उपचाराची सोयही बरोबरीने वाढवली. अमेरिकेतल्या ऑरेगनने २०२०च्या मतदानाने असंच केलं. उपचारकेंद्रं वेळेत उभी राहिली नाहीत आणि २०२४ला गुन्हा परत आणावा लागला. नुसती शिक्षा काढून भागत नाही. आणि एमडीचे (मेफेड्रोनचे) कारखाने चालवणाऱ्यांसाठी मी आजही २० वर्षंच मागेन.

पण स्वतः ओढणाऱ्याला वर्षभर आत टाकू शकणारं कलम २७ आता जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते जाईल तेव्हा जाईल. तुमच्या घरातलं कुणी पुडीसकट पकडलं गेलं, तर वकिलाला पहिल्याच भेटीत ६४ अ बद्दल विचारा आणि केंद्र सरकारमान्य आहे ना, हे आधी पाहून घ्या. उपचार मात्र पूर्ण करायला हवेत. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.