सागरतळाची बखर

जुन्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या मागवून घेतो. त्या वह्यांत इतिहास म्हणून कोणी काही लिहिलेले नसते. नावे, तारखा, आईबाप, साक्षीदार, एवढेच. परंतु एखाद्या वर्षी मृत्यूच्या नोंदी एकाएकी तिपटीने वाढलेल्या दिसल्या, की गावात साथ आली होती हे सांगावयास दुसरा पुरावा लागत नाही. महासागराच्या तळाशीही अशीच एक नोंदवही हजारो वर्षे पडून आहे. ती वाचण्याची विद्या मानवाला गेल्या पाऊणशे वर्षांत अवगत झाली. तिच्यात जे आढळले त्याचा विचार समुद्रकाठी आणि पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

या वहीतील अक्षरे म्हणजे सूक्ष्म जिवांची कवचे होत. फोरॅमिनिफेरा नावाचे हे एकपेशीय जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन वाळूच्या कणाएवढे घर बांधतात आणि मेल्यावर ते घर तळाशी जाऊन पडते. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. 1940 च्या दशकात कुलेनबर्ग या स्वीडिश संशोधकाने तयार केलेल्या दट्ट्याच्या नळीमुळे हा गाळ न विस्कटता, दहा-पंधरा मीटर लांबीच्या उभ्या गाभ्याच्या रूपाने वर काढता येऊ लागला. कवचातील जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून त्या काळच्या पाण्याची उष्णता व पृथ्वीवर साठलेल्या बर्फाचे मान यांचा अंदाज बांधता येतो. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेवढे पाणी उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर बर्फ होऊन बसले होते.

खालचा थर आधीचा, वरचा थर नंतरचा, हा नियम या साऱ्या वाचनाचा पाया आहे. तो प्रथम स्पष्टपणे मांडणारा पुरुष पुढे आपल्या ख्रिस्तसभेचा बिशप झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. निकोलास स्टेनो यांचा जन्म 1638 साली कोपनहेगन येथे एका लुथरपंथी घरात झाला. 1666 साली इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका प्रचंड शार्क माशाचे डोके फ्लोरेन्सच्या दरबाराने त्यांच्याकडे तपासणीसाठी पाठविले. त्याचे दात आणि डोंगरातील खडकांत सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड एकच आहेत, हे त्यांनी ओळखले. तेव्हा समुद्राचा दात डोंगरात कसा गेला? या प्रश्नाच्या पाठलागातून 1669 साली थरांचा नियम सांगणारा त्यांचा ग्रंथ निघाला. त्याआधी दोनच वर्षे त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता. 1675 साली ते धर्मगुरू आणि 1677 साली बिशप झाले. 1988 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. विज्ञान वाचले की श्रद्धा डळमळते, असे भय बाळगणाऱ्या पालकांनी हे चरित्र आपल्या मुलांना जरूर सांगावे.

योगायोग असा, की त्याच 1988 साली हार्टमुट हाइनरिख या जर्मन शास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. युरोपच्या पश्चिमेस, भर अटलांटिकमधून काढलेले गाळाचे गाभे तपासताना त्यांना काही थरांत कवचे जवळजवळ नाहीशी झालेली आणि त्यांच्या जागी दगडांचे खडबडीत कण भरलेले आढळले. किनाऱ्यापासून इतक्या दूर हे कण आले कसे? नदी ते तेथवर नेऊ शकत नाही आणि वाराही नाही. त्यांना वाहून नेणारे वाहन एकच: हिमनग. जमिनीवरून सरकताना बर्फ दगडगोटे पोटात घेतो, समुद्रात तुटून पडतो आणि वितळताना ते तळाशी सोडून देतो. पुढे जेरार्ड बाँड, वॉलेस ब्रोकर आदी संशोधकांनी कणांतील चुनखडकाचा माग काढला, तो कॅनडातील हडसन सामुद्रधुनीपर्यंत पोहोचला. गेल्या हिमयुगाच्या शेवटच्या पन्नासेक हजार वर्षांत असे सहा ठळक थर पडले. सहा वेळा हिमनगांच्या झुंडी अटलांटिकमध्ये लोटल्या होत्या.

त्याने बिघडले काय? अटलांटिकचे उबदार, खारट पाणी उत्तरेकडे जाते, तेथे गारठून जड होते, तळाशी बुडते आणि खोलातून दक्षिणेकडे परतते. हा फेरा उष्णतेची मोठी वाहतूक करतो. वितळलेल्या हिमनगांचे गोडे पाणी हलके असते. ते पृष्ठभागावर पसरले की वरचे पाणी बुडेनासे होते व फेरा मंदावतो. याचाही पुरावा गाळातच मिळाला. समुद्रातील युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ही दोन मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात निर्माण होतात. थोरियम लवकर तळाशी बसते. प्रोटॅक्टिनियम पाण्यात अधिक काळ रेंगाळते, म्हणून प्रवाह वेगवान असेल तर त्याचा बराचसा भाग वाहून जातो. 2004 साली जेरी मॅकमॅनस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळील गाळात हे प्रमाण मोजले. सुमारे 17,500 वर्षांपूर्वीच्या थरात प्रोटॅक्टिनियम जवळजवळ पूर्णपणे जागच्या जागी बसलेले होते. म्हणजे त्या काळी तो महाप्रवाह थांबल्यातच जमा होता.

हे सर्व दूरदेशीचे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच अरबी समुद्रात आहे. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत एका खोलीवर पाण्यात प्राणवायू इतका कमी असतो, की गाळ उकरणारे किडे तेथे तगत नाहीत आणि थर जसेच्या तसे राहतात. 1998 साली शुल्त्स, फॉन राड आणि एर्लेनकॉयझर या जर्मन संशोधकांनी त्या थरांचे वाचन प्रसिद्ध केले. ग्रीनलंड उबदार असताना येथे गडद, सेंद्रिय द्रव्याने भरलेले थर पडले, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात होते. ग्रीनलंड गारठले, हिमनग वितळले, की येथे फिकट थर पडले. मोसमी वारे दुबळे झाले होते. उत्तर अटलांटिकमध्ये झालेला बिघाड आपल्या पावसापर्यंत पोहोचत होता. आणि हे बदल संथ नव्हते. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी शेवटचा गारठा संपला, तेव्हा ग्रीनलंडचे तापमान काही दशकांतच कितीतरी अंशांनी चढले. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढा हा काळ.

येथे आमचे मन थबकते. महापूर ओसरल्यावर पेरणी आणि कापणी थांबणार नाहीत, असा दिलासा परमेश्वराने नोहाला दिल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. आगेऱ्याच्या दिवशी नव्या भाताची कणसे वेदीपाशी आणताना तोच दिलासा आपल्या मनात असतो. मग सागरतळाची ही बखर त्या वचनाच्या विरुद्ध साक्ष देते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या काळीही मोसमी पाऊस दुबळा झाला, नाहीसा झाला नाही. ऋतूंचे चक्र फिरतच राहिले. परंतु वचन म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे. मानवाची सारी व्यवस्थित शेती गेल्या 11,700 वर्षांच्या तुलनेने शांत कालखंडात वाढली. अब्राहामाचे कळप, दावीदाचे राज्य, आपली भाताची खाचरे आणि आपली देवळे, सारे याच शांततेचे अपत्य होय. ती शांतता निसर्गाचा अटळ स्वभाव नसून आपल्याला लाभलेले दान आहे, हे गाळाने शिकविले. दान मिळालेल्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो.

आज ग्रीनलंडचे बर्फ पुन्हा वितळत आहे, आणि या खेपेस त्याला कारण आपण जाळलेला कोळसा व तेल आहे. 2004 सालापासून अटलांटिकमध्ये बसविलेली उपकरणे त्या महाप्रवाहाची नाडी तपासत आहेत. सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी त्यातून वाहते. हवामान बदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2021 च्या अहवालात म्हटले, की या शतकात तो मंदावणे अतिशय संभवनीय आहे. 2100 पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही असे त्यांना वाटते, पण ही खात्री मध्यम प्रतीची आहे. आपल्या मुलांच्या भाकरीविषयी ‘मध्यम खात्री’ कोणत्या आईबापांना पुरेशी वाटेल?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले, तेव्हा अनेकांनी ते भावनेचे बोलणे मानले. गाळाचे गाभे सांगतात, की ते वस्तुस्थितीचे बोलणे आहे. या घराच्या एका खोलीत पाणी शिरले की दुसऱ्या खोलीतील चूल विझते. धर्मग्रामाच्या वहीत आपली नावे दुसरे कोणी लिहितात. सागरतळाच्या वहीत आपली नोंद आपली कृत्ये लिहीत आहेत, आणि त्या वहीत खाडाखोड करता येत नाही.