जीपचं मागचं क्राऊन-पिनियन बदललं तेव्हा

आमची जुनी फोर-बाय-फोर जीप डांबरीवर नुसती ओरडायची, पळायची नाही. मागे ४३ आणि ८ दातांची जोडी, शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. मिस्त्री म्हणला, "पुढच्या मॉडेलची ३९-८ ची टाकू, ४.८८ पडंल. हौसिंग तेच." टाकली. पळाली की! इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत दहा टक्के जास्त वेग.

ओढही जवळपास तेवढीच गेली, हे कांद्याची ट्रॉली घेऊन चढाला लागल्यावर कळलं. म्हणून फोर-बाय टाकला. पुढचं अजून ५.३८ च होतं! चिखलात चाक घसरून फरक खपतो, कोरड्या डांबरावर कुठं खपणार? सगळा पीळ शाफ्टात. थोडं अंतर गेलो आणि मागच्या जॉइंटचा क्रॉस तुटला. या जीपचा हँडब्रेक त्याच शाफ्टावर, तोही गेला. पोरानं चाकामागं दगड लावेस्तोवर ब्रेकवरचा पाय उचलला नाही.

जुनी जीप घेताना एवढं बघा: न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, बाकी चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या. ते दोन फेरे फिरवा, शाफ्टचे मोजा, तोच रेशो. पुढंही तसंच. आकडे जुळले नाहीत तर फोर-बायला हात लावू नका.

आपल्याला ट्रॉली ओढायचीय, जुनीच जोडी परत टाकतोय. मिस्त्रीच्या कोपऱ्यात पडलीय. क्राऊन एकीकडं आणि पिनियन दुसरीकडं झालं नसलं म्हणजे बरं.