खर्जाचं खोकं

शनिवारची दुपार, खिशात बोनस आणि पाठीवरच्या सॅकमध्ये अ‍ॅम्प. ग्रँट रोड ते धोबीतलाव, एका बेसिस्टची शॉपिंग सफर.

मागच्या महिन्यात आमच्या बँडचा गिग झाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ग्रुपवर आला. मी त्यात सही दिसतोय. काळा टी-शर्ट, मान हलतेय, बोटं चालतायत. फक्त ऐकू येत नाहीये! चार मिनिटांचं गाणं आणि बेस गिटारचा पत्ता नाही. आधी सगळ्यांनी हसून घेतलं. मग आमच्या कीबोर्डवाल्याने लिहिलं, ‘पुढच्या गिगला बेसचा पार्ट मी डाव्या हाताने वाजवू का? तसंही...’

ती तीन टिंबं जाम लागली. मंडळी, सोमवार ते शुक्रवार मी एक्सेल शीटमध्ये राहतो. आठवड्यातले रिहर्सलचे तीन तास तेवढे माझे. वय ३३. आत्ता बँडमधून बाहेर पडलो तर गिटार कपाटावर जाणार आणि पुन्हा कधी खाली येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या गिगला तीन आठवडे होते. इलाज एकच दिसत होता: मोठ्ठा स्पीकर घ्यायचा. बजेट ४५ हजार.

फ्रीजचं स्वप्न

बेसिस्ट लोकांच्या स्वप्नात एक खोकं असतं. १९६९ मध्ये अमेरिकेच्या अँपेग कंपनीने ‘एसव्हीटी’ नावाचा ३०० वॉटचा अ‍ॅम्प काढला. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिकन टूरवर तो वाजवला. त्याच्या जोडीला येणारं खोकं म्हणजे दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर असलेलं कपाट. लाडाचं नाव ‘फ्रीज’. आजही मोठ्या स्टेजवर बेसिस्टच्या मागे ते उभं दिसतं.

वजन साठ किलोच्या वर! आम्ही राहतो दादरला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरी विषय काढला तर आई शांतपणे म्हणाली, ‘आण की. सोफा गॅलरीत ठेवू.’

म्हटलं, फ्रीज नाही तर निदान फोर-बाय-टेन, म्हणजे दहा इंची चार स्पीकरवालं. पण आधी घरचं जुनं पंधरा इंची खोकं नेमकं कुठे कमी पडतंय, ते जाणकाराला विचारावं. आणि मुंबईत आवाजाचा जाणकार शोधायचा तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं.

नाण्याचा आवाज

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुनं नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं, आणि लोकांच्या तोंडी अजून तेच. फुटपाथवर केबल, अडॅप्टर, सीसीटीव्हीचे ढीग. ‘बोलो बॉस, क्या चाहिए’ चुकवत आत शिरलं की बोळातल्या छोट्या दुकानांत सोल्डरिंगचा वास येतो. तिथे स्पीकरचे फाटलेले कोन बदलून मिळतात.

माझ्या ओळखीच्या दुकानातले काका सत्तरीचे. मी सॅकमधून अ‍ॅम्प काढला. आजकालचे क्लास-डी अ‍ॅम्प जेमतेम दोन-अडीच किलोचे असतात, त्यामुळे लोकलमधून आणता येतात. काकांनी इअरफोन लावून व्हिडिओ पाहिला, मग अ‍ॅम्पच्या बटणांकडे पाहिलं. गिगच्या रात्री होती तशीच होती ती. बेस फुल, मिड पार खाली, ट्रेबल वर.

‘हे कोणी केलं?’

‘मीच, काका. घरी मस्त वाजतं असं.’

‘घरी एकटा वाजवतोस ना? मग वाजणारच. खोकं कुठे होतं?’

‘जमिनीवर. माझ्या मागे, दीड-दोन फुटांवर.’

‘म्हणजे तुझ्या पँटला ऐकू येत होतं. कानाला नाही.’

मग काकांनी माझी शाळा घेतली. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा. त्याची लाट आठ मीटरहून लांब, म्हणजे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावतच नाही. ती भिंतींवर आपटते, कोपऱ्यात साठते आणि आपल्याला वाटतं, काय भारी आवाज आहे! पण बँडमध्ये त्याच पट्ट्यात बास ड्रम असतो आणि कीबोर्डचा डावा हातही. तिथे नुसता खर्ज गाळासारखा खाली बसतो. सूर ओळखू येतो तो त्याच्यावरच्या स्वरांमुळे. ८२, १२३ आणि त्याच्याही वर. खालचा मूळ सूर कमी असला तरी कान वरच्या स्वरांवरून तो जुळवून घेतो. आणि नेमके तेच स्वर मी बटणाने मारून टाकले होते.

‘तुझा तो फ्रीज आहे ना,’ काका म्हणाले, ‘तोसुद्धा साठ हर्ट्झच्या आसपासच खाली उतरायला लागतो. पार खालचं काही तो देत नाही. तरी लोक म्हणतात, काय बेस आहे!’

मी गप्प. इतकी वर्षं ज्या आवाजावर मरत होतो, त्यात मला हवा असलेला खर्ज मुळात कमीच होता.

काकांनी रस्त्याकडे हात केला. ‘इथे मिनर्व्हा होतं. पंचाहत्तर साली पंधरा ऑगस्टला शोले लागला, पाच वर्षं चालला. सत्तर एमएम, स्टिरिओ साउंड. ट्रेनची धडधड होती, घोडे होते, गोळ्या होत्या. लोकांच्या लक्षात काय राहिलं? नाणं! ते पडलं की माणसं खुर्चीखाली वाकून बघायची.’

मिनर्व्हा आता नाही. काकांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. फक्त विचारलं, ‘जिने किती चढतोस?’

‘तीन मजले.’

‘मग एका हातात उचलेल असंच घे. जे उचलवत नाही ते घरी राहतं, आणि मग माणूसही घरीच राहतो.’

बन मस्का आणि ओहम

तिथून ऑपेरा हाउस, गिरगाव, ठाकूरद्वार, चिराबाजार करत धोबीतलावला चालत गेलो. वाद्यं घ्यायची तर मुंबईकराची वाट पिढ्यान्‌पिढ्या इकडेच वळते. १८६५ पासूनचं फुर्टाडोज इथलंच. कोपऱ्यावरच्या जेर महलमध्ये गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’, म्हणजे मुंबईत कामाला आलेल्या गोवेकरांची सामायिक बिऱ्हाडं. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत ज्या गोवेकर वादकांनी व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवले, त्यांच्या ओळखीचा हा परिसर.

आधी कयानीत बसलो. १९०४ चं इराणी हॉटेल, त्यामुळे हिशोब करायला घाई नाही. बन मस्का चहात बुडवत पेपर नॅपकिनवर गणित मांडलं. माझा अ‍ॅम्प ४ ओहमला ५०० वॉट देतो. ८ ओहमचं एक खोकं लावलं तर साधारण ३०० मिळतील. नुकसान वाटतं, पण वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. उलट ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या खोक्याऐवजी १०० चं घेतलं तर तेवढाच फायदा एकही वॉट न वाढवता. शिवाय ८ ओहमचं एक घेतलं तर पुढच्या वर्षी तसंच दुसरं जोडता येतं. दोन मिळून ४ ओहम, अ‍ॅम्प खूश. ४ ओहमची दोन जोडली तर होतात २, आणि माझ्या अ‍ॅम्पची वाट!

जवळच्या एका दुकानात तीन खोकी लावून मागितली. एकट्याने वाजवताना पंधरा इंची खोकं राजासारखं वाजलं. पूर्वीचा मी तिथेच कार्ड काढलं असतं. पण या वेळी सेल्समनला म्हटलं, ‘भाऊ, ड्रम लूप लाव आणि तू गिटार वाजव. जोरात.’ तो खूश झाला. लूप सुरू होताच ते खोकं धूसर झालं. फोर-बाय-टेन ठणठणीत वाजलं, पण उचलून पाहिलं आणि पाठीने नकार दिला. राहिलं टू-बाय-टेन. निओडिमियम मॅग्नेटवालं, त्यामुळे हलकं. स्टुलावर ठेवलं, मिड थोडा वर घेतला. प्रत्येक सूर बोट लावून दाखवावा इतका स्वच्छ. एका हाताने उचललं आणि दुकानात एक फेरी मारली. सेल्समन बघतच राहिला.

बजेटच्या वर तीन हजार गेले. काळी-पिवळीच्या मागच्या सीटवर खोकं आणि मी शेजारी शेजारी बसून दादरला आलो. तीन मजले, एकदाही न थांबता. आईने बघितलं आणि म्हणाली, ‘एवढंसंच? मग सोफा राहू दे.’

गुरुवारी अंधेरीत रिहर्सल झाली. खोकं खुर्चीवर ठेवलं, कानाच्या दिशेने. कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या गाण्यात ड्रमरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या गाण्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात हळूच उचलला गेला आणि मांडीवर जाऊन बसला. तो काही बोलला नाही. निघताना खोक्याची दुसरी बाजू धरायला मात्र पुढे आला.

म्हटलं, ‘राहू दे रे. एका हाताने जातं.’

खोकं घ्यायला जाताय?

• अ‍ॅम्प आणि गिटार स्वतःची न्या. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेला कमीत कमी ओहमचा आकडा आधी बघा.

• एकट्याने वाजवून ठरवू नका. सोबत ड्रम आणि गिटार हवंच.

• पाच तारांचा बेस असेल तर सगळ्यात खालचा सूर ३१ हर्ट्झचा. तो जोरात वाजवून बघा, कोन फडफडला तर सोडून द्या.

• प्लायवूडचं खोकं शक्यतो पाहा. एमडीएफ जड असतं आणि पावसात भिजलं तर फुगतं.

• गिटारची केबल स्पीकरला लावू नका. स्पीकरची केबल वेगळी असते.

• आणि हो, घरचे जिने मोजून जा.