बुडालेली मासोळी

पुलगावची चैत्रातली दुपार ज्यांनी अनुभविली आहे, त्यांस बर्फाच्या समुद्राची गोष्ट किती गोड लागते हे सांगावयास नको. पंख्याचा वारा भट्टीतून आल्यासारखा अंगावर येतो आणि विद्यार्थ्यांच्या माना पुस्तकावर झुकू लागतात. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी नववीच्या वर्गास जागे ठेवावे म्हणून आम्ही पाठ्यपुस्तक मिटले आणि नारव्हाल नावाच्या प्राण्याची हकीकत सांगावयास आरंभ केला.

नारव्हाल हा देवमाशांच्या कुळातील प्राणी मुख्यत्वे ग्रीनलंड व उत्तर कॅनडा यांच्या लगतच्या समुद्रांत राहतो. त्याची लांबी ४ ते ५ मीटर व वजन दीड टनापर्यंत भरते. नराच्या तोंडापुढे जे लांब शिंग दिसते ते वस्तुतः वरच्या जबड्यातील डावा दात होय. तो ओठ भेदून मळसूत्रासारखा पीळ घेत २ ते ३ मीटर वाढतो. जुन्या काळी युरोपात हाच दात एकशिंगी घोड्याचे शिंग म्हणून मोठ्या किमतीस विकला जात असे.

तेथील पाणी खारट असल्यामुळे शून्याखाली जवळजवळ २ अंश उतरले तरी गोठत नाही. अशा पाण्यात ऊन रक्ताचा हा प्राणी जगतो कसा? त्याच्या कातडीखाली सुमारे १० सेंटीमीटर जाडीचा चरबीचा थर असतो. वल्ह्यांसारख्या पंखांत व शेपटीत ऊन रक्त नेणाऱ्या वाहिन्या थंड रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांना लागून असतात. त्यामुळे बाहेर जाणारे रक्त आत येणाऱ्या रक्तास शेकून घेते आणि ऊब वाया जात नाही. पाठीवर उभा पर नसल्याने त्यास बर्फाच्या छताखालून सहज फिरता येते. हिवाळ्यात तो हॅलिबट नावाच्या चापट माशासाठी दीड हजार मीटरहून अधिक खोल बुडी मारतो. स्नायूंत साठविलेल्या प्राणवायूवर तो सुमारे २५ मिनिटे श्वासावाचून काढू शकतो.

तथापि श्वासासाठी त्यास बर्फातील भेगेपाशी यावेच लागते. थंडी एकाएकी वाढून भेगा मिटल्या, तर कळपच्या कळप कोंडला जातो. सन २००८ च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या उत्तरेस पाँड इनलेट या गावाजवळ ६०० हून अधिक नारव्हाल असे अडकले. त्यांच्या सुटकेची आशा उरली नाही, तेव्हा तेथील इन्युइट लोकांनी त्यांची शिकार केली.

हे सांगून आम्ही समारोप केला, "पाहा, ज्या पाण्यात हा जन्मतो त्याच पाण्यात हा बुडून मरू शकतो. माशास मात्र ते भय नाही. मासा कधी बुडत नाही."

तोच मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगा अबोल होता. त्याचे वडील वर्धा नदीवर जाळे टाकून संसार चालवितात. तो म्हणाला, "नाही जी सर, मासोळीबी बुडून मरते."

आम्ही हसून उत्तर दिले, "असे असेल तर तुझ्या बाबांना मासोळ्यांकरिता पोहण्याची शाळा काढावयास सांग!" वर्ग खो खो हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर सत्र संपेपर्यंत त्याचा हात पुन्हा वर आला नाही. खेदाची गोष्ट ही की, तेव्हा ते आमच्या ध्यानातही आले नाही.

मे महिन्यात एका सायंकाळी आम्ही नदीकाठी फिरावयास गेलो होतो. नदी आटून डोहांपुरती उरली होती. त्या मुलाचे वडील तळाशी लावलेले जाळे काढीत होते. जाळ्यात काही मासे तडफडत होते, परंतु हातभर लांबीची एक मरळ निपचित पडली होती. ही एकटीच कशी मेली, असे आम्ही विचारले. ते सहज म्हणाले, "बुडाली जी सर. मरळीले घडीघडी वर येऊन हवा घ्यावी लागते. खाली अडकली का बुडते."

आम्हांस तेथे उभे राहणे कठीण झाले. मुलाने घरी काही सांगितले होते की नाही, हे त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. ते आमच्याशी नेहमीच्याच आदराने बोलत होते.

घरी येऊन आम्ही ग्रंथ उघडले. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्याची एक पोकळी असते. तिचे कल्ले तिच्या सर्व गरजेस पुरत नाहीत, म्हणून ती वरची हवा घेते. याच सोयीमुळे उन्हाळ्यात डोहाचे पाणी तापून त्यातील प्राणवायू घटला तरी ती तगते आणि ओल्या चिखलातही दिवस काढते. परंतु वर येण्याची वाट बंद झाली की ती गुदमरून मरते. नारव्हालास बर्फ तसे तिला जाळे! आम्ही ज्या नवलासाठी उत्तर ध्रुवापर्यंत गेलो, ते शाळेपासून हाकेच्या अंतरावरील डोहात होते, आणि ते ठाऊक असलेला मुलगा आमच्याच वर्गात बसला होता.

जून अखेरीस शाळा उघडली. आता दहावीत गेलेल्या त्याच वर्गापुढे आम्ही पहिल्या तासास उभे राहिलो आणि म्हणालो, "गेल्या सत्रात आम्ही एक चुकीची गोष्ट सांगितली आणि खरी गोष्ट सांगणाऱ्यास हसलो. दुसरी चूक पहिलीहून मोठी होती. त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागतो." नंतर फळ्यावर मरळीचे चित्र काढून तिची माहिती सांगितली. वर्ग स्तब्ध होता. मुलगा मान खाली घालून बसला होता. आपले बोलणे व्यर्थ गेले असे आम्हांस वाटले.

तास संपण्यास दोन मिनिटे असताना मागच्या बाकावरून हात वर आला. "सर, त्या नारव्हालले बर्फातली फट कुठी हाय, हे अंधारात कसं समजते जी?"

नारव्हाल टकटक असा ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो, एवढे आम्ही सांगितले. मग घंटा झाली, परंतु त्या दिवशी वर्ग लवकर उठला नाही.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. आपल्या शेताचे, मागाचे, जाळ्याचे ज्ञान मुलांस अवश्य सांगत जावे, आणि ते शाळेत बोलून दाखविण्यास त्यांस भिऊ देऊ नये. ऐकून घेण्याची जबाबदारी आमची राहील.