रस्त्याच्या मापाची गाडी

दिवाळीचे वहीपूजन आटोपले की लाभपंचमीपर्यंत दुकानाला सवड मिळते. व्यापारी घरात वर्षभरात एवढेच काय ते निवांत दिवस. या दिवसांत पुण्यातील अनेक कुटुंबे ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे श्रीवर्धन, हरिहरेश्वर किंवा पुढे बाणकोट-वेळासकडे जातात. मुक्कामाची जागा महिनाभर आधी ठरते, जेवणाची सोय खोदून खोदून विचारली जाते. गाडीचा निर्णय मात्र शेवटच्या दोन दिवसांत एका फोनवर होतो. ‘माणसे आठ आहेत, मोठी पाठवा,’ एवढ्यावर व्यवहार पुरा होतो.

वास्तविक व्यापाऱ्याला वाहन निवडण्याचे ज्ञान नाही असे मुळीच नाही. रविवार पेठेच्या किंवा भवानी पेठेच्या बोळात मोठा ट्रक नेण्याचा आग्रह कोणताही दुकानदार धरीत नाही. माल बाहेर उतरतो आणि लहान टेम्पोतून दुकानाच्या पायरीशी येतो. तेथे तो बोळाचे माप आधी पाहतो आणि गाडी नंतर बोलावतो. घरची माणसे न्यायची म्हटली की हाच क्रम उलटा होतो. मग आसनांची संख्या पाहिली जाते, गाडीचा रुबाब पाहिला जातो. रस्ता कोणी विचारीत नाही.

भवानी पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न गेल्या दिवाळीत फार नाजूक रूपात उभा राहिला. घरातील आजींचे वय 82. लग्नानंतरची पहिली अकरा वर्षे त्यांनी मंडणगड तालुक्यातील एका खेड्यात काढली होती. तेथे सासऱ्यांचे लहानसे दुकान होते. पुढे कुटुंब पुण्यास आले, दुकान व घर शेजाऱ्यांनी घेतले. ‘त्या ओटीवर एकदा बसून यावे,’ एवढीच त्यांची इच्छा होती. गुडघ्यांमुळे त्यांना पन्नास पावलांपलीकडे चालवत नव्हते.

थोरल्या चिरंजीवांनी इनोव्हा ठरवण्याचे योजले. सर्वांनी एकत्र जावे, आईला ऐसपैस बसता यावे, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. पण नातीने गाडीवाल्याआधी गावातील त्या शेजाऱ्यांना फोन लावला आणि विचारले, ‘काका, तुमच्या दारापर्यंत एसटी येते का?’ उत्तर आले, ‘एसटी फाट्यावरच वळते. पुढे रिक्षा येते, पण समोरून काही आले तर एकाला मागे जावे लागते.’ त्या एका उत्तरात साऱ्या प्रवासाचा नकाशा होता.

धाकट्या चिरंजीवांनी मग आकडे मांडले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. तिच्यातील रस्त्याची डांबरी पट्टी साधारणतः 3.75 मीटर रुंद असते. रहदारी अगदी थोडी असेल तेथे 3 मीटरवरही काम भागवतात. इनोव्हा क्रिस्टाची रुंदी आरसे सोडून 1.83 मीटर, लांबी सुमारे 4.73 मीटर. वॅगन आर 1.62 मीटर रुंद आणि 3.65 मीटर लांब. प्रवासी रिक्षा सुमारे 1.3 मीटर. तीन मीटरच्या पट्टीवर रिक्षा आणि लहान गाडी मिळून 2.92 मीटर होतात. म्हणजे आरसे मिटून, चाके कडेला घेऊन कशीबशी निभावणी. रिक्षा आणि मोठी गाडी मिळून 3.13 मीटर होतात. तेथे एक चाक डांबराखाली उतरणारच, आणि कोकणात पावसाळा सरल्यावर डांबराच्या कडेला बहुधा वीतभर खोल चर असतो. वळणावर तर लांब गाडीला अधिक जागा लागते, कारण मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात.

‘दादा, मोठी गाडी फाट्यावर थांबेल. तेथून आईला कसे न्यायचे?’ धाकट्यांचा प्रश्न एवढाच होता.

थोरल्यांचा आक्षेपही पोकळ नव्हता. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी रोज किमान 250 ते 300 किलोमीटरचे पैसे लावतात, गाडी तितकी धावो वा न धावो. चार दिवसांचे 1,200 किलोमीटर धरले आणि मोठ्या गाडीचा दर किलोमीटरला 20 रुपये मानला, तर 24,000 रुपये होतात. लहान गाडीचा दर 13 मानला तरी दोन गाड्यांचे 31,200 रुपये, शिवाय दुसऱ्या चालकाचा भत्ता निराळा. प्रत्यक्ष धाव मात्र 600 किलोमीटरच्या आतच होती. म्हणजे न वापरलेल्या अंतराचे पैसे, तेही दुप्पट! अखेर त्यांनी व्यापाऱ्याचाच मार्ग धरला: किमान अंतराची अट काढून चार दिवसांचा ठोक दर ठरवला. फरक उरला, पण तो देण्याजोगा होता.

लहान गाडी म्हटली तरी तपासण्यासारखे बरेच असते. भाड्याच्या लहान गाड्यांत पुष्कळदा सीएनजीची टाकी असते; ती डिकीची जागा खाते, आणि आडगावात गॅसचा पंप मिळेलच असे नाही. पाच माणसे घेऊन घाट चढायचा तर लहान इंजिनाची दमछाक होते, म्हणून 1.0 ऐवजी 1.2 लिटरचे इंजिन मागावे. जाहिरातीतील जमिनीपासूनची उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. माणसे व सामान भरल्यावर गाडी खाली बसते, तेव्हा जड पेट्या घरीच ठेवाव्यात. जादा चाक पूर्ण मापाचे आहे ना आणि त्यात हवा आहे ना, हे गाडी दारात आल्यावर आपणच पाहावे.

कागदांकडेही डोळसपणे पाहावे. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीतून पैसे देऊन नेणे स्वस्त वाटते. पण अपघात झाल्यास विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि बचत केलेल्या रकमेच्या कितीतरी पट भार अंगावर येतो. सर्वसाधारण विम्यात फक्त टायर फुटला तर भरपाई नसते. गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत ती मिळते. स्वतः गाडी चालवणार असाल तर तळाला लागलेल्या माराचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात वाचूनच सही करावी.

वेळेचा हिशेबही रस्त्यावरच अवलंबून असतो. अशा वाटेवर ताशी 20 ते 25 किलोमीटरचा वेग धरावा. नोव्हेंबरात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम आहे, त्यांनी शेवटच्या तीस किलोमीटरला दीड तास राखून ठेवावा. अंधारात कडेचा चर दिसत नाही, हेही कारण आहेच. आणि अरुंद चढावर समोरासमोर गाठ पडल्यास उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, असा नियमच आहे. तो चालकाला ठाऊक आहे का, हे निघण्यापूर्वी सहज विचारून घ्यावे.

ते कुटुंब दोन लहान गाड्यांतून गेले. फाट्यापुढे जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला एक टेम्पो समोरून आला, तेव्हा दोन्ही गाड्यांना बरेच मागे यावे लागले. सर्वजण एकत्र नसल्याची हळहळ थोरल्यांना वाटत राहिली. त्यावर नातवंडांनी प्रत्येक थांब्यावर जागा बदलण्याचा तोडगा काढला. आजींची गाडी अंगणात जाऊन उभी राहिली. ओटीपर्यंत अंतर होते अवघे बारा पावलांचे. त्या पाऊण तास तेथे बसल्या, फारसे बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी दुकानाची बंद खिडकी तेवढी उघडून पाहायला सांगितली.

सहल म्हणजे केवळ मुक्कामाचे ठिकाण नव्हे. शेवटचे दोन किलोमीटरही तिच्यात येतात, आणि घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला तेच अधिक जड जातात. म्हणून भाड्याची गाडी ठरवताना पहिला फोन गाडीवाल्याला न करता, ज्या गावी जायचे तेथील माणसाला करावा. रस्ता किती रुंद आहे हे त्याला मीटरमध्ये सांगता येणार नाही. पण एसटी कोठवर येते आणि कोठे वळते, हे तो अचूक सांगेल. गाडी निवडायला तेवढे पुरेसे आहे.