तप किती करावं?

आषाढी आली की घरोघरी चातुर्मासाचे नेम धरले जातात. कुणी कांदालसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. पतंजलींच्या पाच नियमांतलं तप मला म्हणूनच ओळखीचं वाटतं. शौच, संतोष, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान त्यामानाने दूरचे. पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तहान-भूक, थंडी-ऊन सोसणं म्हणजे तप. मौनही त्यातच येतं: खुणेनंही काही न सांगणारं काष्ठमौन आणि नुसतं न बोलण्याचं आकारमौन. पण तेच भाष्य बजावतं, चित्ताची प्रसन्नता मोडेल असं तप नको. केवढा दिलासा आहे यात! आजी एकादशीला निर्जळी राहायची, तरी आम्हाला वाढताना हसतमुख असायची. उपासाने घरादारावर खेकसणारेही पाहिलेत. ते मला तप वाटत नाही. यंदा मी सकाळचा तासभर आकारमौन धरणार आहे.