विक्रमची पाठ

लँडरचं मॉडेल करायचं तर आधी तारीख ठरवावी लागते. 23 ऑगस्ट 2023च्या संध्याकाळी चंद्रावर उतरलेला चांद्रयान-3चा विक्रम आणि 3 सप्टेंबरला जागेवरून सुमारे 40 सेंटिमीटर उडून पुन्हा टेकलेला विक्रम दिसायला एकसारखे नाहीत. त्या उडीआधी रॅम्प, चास्टे या तापमापक उपकरणाची सळई आणि इल्सा हा कंपमापक दुमडून घेतले होते, नंतर पुन्हा उघडले. मी 30 ऑगस्ट धरतो. त्या सकाळी प्रज्ञान रोव्हरच्या नॅव्हकॅमने काढलेल्या विक्रमच्या फोटोत सळई आणि कंपमापक, दोन्ही बाहेर आलेले दिसतात.

पण फोटो कृष्णधवल, आणि एकाच अंगाचा. मग पाठ कशी करायची? माझं घोडं अडलंय ते तिथेच.

पाठीसाठी पृथ्वीवरचेच फोटो धुंडाळावे लागतात, आणि त्यांत चांद्रयान-2 आणि 3 यांची बेमालूम सरमिसळ झालेली असते. म्हणून कुठलाही फोटो हाती आला की मी आधी पोटाखाली बघतो. पाच इंजिनं असली तर तो 2019चा विक्रम, फोटो बाजूला. 2023च्या विक्रमला चारच आहेत, मधलं काढलेलं. त्याचे पाय जास्त मजबूत केलेत, सोलर पॅनलही वाढवलेत. एवढं जुळलं तरी फोटो जोडणीच्या कुठल्या टप्प्यावरचा, हा घोर उरतोच. सोनेरी आवरण पुरतं चढायच्या आधीचा असेल तर त्यावरून पाठ करणं म्हणजे अर्धवट कपडे घातलेल्या माणसाचा पुतळा घडवणं.

इस्रोची मापं सरळ आहेत. लँडर 2000 × 2000 × 1166 मिलिमीटर, म्हणजे एकास दहाला 200 × 200 × 117. प्रज्ञान 917 × 750 × 397. बाकीचं ताडून काढायचं: 750 रुंदीचा रोव्हर ज्या दारातून बाहेर आला, ते दार त्याहून अरुंद असूच शकत नाही.

2023च्या गणपतीत गावोगाव चांद्रयानाचे देखावे झाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण भेटवस्तूंचा चकचकीत सोनेरी कागद डब्याला गुंडाळून त्याला विक्रम म्हणायचं, हे मला सहन होत नाही. ऑनलाइन मिळणारी थ्रीडी प्रिंटची मॉडेलं तर त्याहून वाईट. कडा सुबक, आणि पोटाखाली पाच इंजिनं. कुणाचं मॉडेल हाती आलं की मी ते पहिल्यांदा उलटं करतो. चूक सापडली की बरं वाटतं, फार बरं वाटतं. हा अहंकारच आहे, आणि तो वयाबरोबर वाढत चाललाय.

यानावरचं सोनेरी दिसणारं आवरण सोन्याचं नसतं. ती पिवळसर पॉलिइमाइडची पातळ फिल्म, मागून ॲल्युमिनियमचा मुलामा. आमच्या परभणीत त्याला पर्याय स्टेशन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतो: उष्णता सोसणारी पिवळी टेप. स्वयंपाकघरातली फॉइल चुरगळायची, चमच्याच्या पाठीने हलकेच सपाट करायची आणि वरून ही टेप. रंग हुबेहूब येतो. अडते ती सुरकुती. मॉडेल दहापट लहान होतं, फॉइलची जाडी मात्र तीच राहते. त्यामुळे घडी जाड पडते आणि सगळं यान चॉकलेटच्या वेष्टनासारखं दिसायला लागतं.

सेलूची एक मुलगी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्याकडे मॉडेल शिकायला येते. पहिल्याच आठवड्यात तिने मॉडेल फिरवलं आणि विचारलं, "सर, मागून कसं आहे हो हे?" भिंतीला टेकवून ठेवलं तर कुणाला दिसणारे, असं बाकीची मुलं म्हणतात. हिने विचारलं. तेव्हापासून पाठीचे फोटो आम्ही दोघं शोधतो. ती आधी पोटाखाली बघते, मग माझ्याकडे.

यंदा पाठीचं आवरण मी तिलाच करायला दिलंय. हात थरथरतो, असं घरी सांगितलं. तो थरथरतोही. पण खरं कारण असं की तिची घडी माझ्याहून बारीक पडते, आणि ते मला पहिल्याच तुकड्यावर दिसलं होतं.